तळमजल्यावरचं बाथरूम: प्रकल्प नोंदी, मार्च ते जून 2025

9 मार्च, रविवार

आधी काम काय ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच फाटे फुटायला नकोत. ए विंगच्या जिन्याखाली मीटर रूमला लागून एक बाथरूम आहे. बिल्डिंग 1991ची, मूळ नकाशात तिथे नोकरांसाठी संडास असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे बिल्डरला सुचलं होतं, बंद नंतर सोसायटीने केलं. कधी आणि का ते कुणालाच आठवत नाही. आता आत गणपतीच्या मांडवाचे पडदे, रंगाचे वाळलेले डबे, एक तीनचाकी सायकल आणि कुणाच्या तरी जुन्या खिडक्यांच्या काचा आहेत. ते रिकामं करायचं, चालू करायचं आणि सोसायटीत जे जे कामाला येतात त्या सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. बास. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत एक संडास चालू करणे, ह्याला प्रकल्प म्हणायचं का असं नवऱ्याने विचारलं. म्हटलं, कमिटीसमोर जायचंय ना, मग प्रकल्पच.

काल महिला दिन होता. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून कार्यक्रम, आणि ह्या वर्षी कुणीतरी कल्पना काढली की आपल्या कामवाल्या मावशींचा सत्कार करू. हेतू चांगला होता, त्यात शंका नाही. गुलाब दिला, स्टीलचा डबा दिला, दोन भाषणं झाली ज्यात 'तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही' हे वाक्य प्रत्येकीने म्हटलं. मग चहा आला. आमच्या मावशींनी घेतला नाही. मी दोनदा आग्रह केला तर हळूच म्हणाल्या, नको ताई, अजून चार घरं आहेत, चहा घेतला की जायची पंचाईत होते. त्या सुतारदऱ्यावरून सातला निघतात आणि दोनला घरी पोचतात. मधल्या वेळात पाणीसुद्धा मोजून. शेजारी बसलेल्या पोळीवाल्या काकू म्हणाल्या, मी तर सकाळी उठल्यावर एक कप चहा सोडून काहीच घेत नाही, मुतखडा झालाय, डॉक्टर म्हणतात पाणी प्या, पाणी प्या, त्यांना काय जातंय सांगायला.

मी विचारलं, घरांतलं का नाही वापरत? मावशी हसल्या. तुम्ही नाही म्हणणार नाही हो ताई, पण विचारायचं कसं? आणि एका घरी विचारलं होतं एकदा, त्या म्हणाल्या जा की, मग मी गेल्यावर मागनं फिनेलची बाटली घेऊन उभ्या.

14 मार्च, शुक्रवार, धुळवड

घरात सांगितलं. आई (सासूबाई, वय 79, गुडघे गेलेले, जीभ शाबूत) म्हणाल्या, बरं आहे, पण आपल्या जिन्याखाली कशाला, मागच्या भिंतीला लागून बांधा की. मी म्हटलं बांधायचं नाहीये आई, आहेच ते. तर गप्प बसल्या आणि मग एकदम सदाशिव पेठेतल्या वाड्याबद्दल बोलायला लागल्या. त्यांच्या लहानपणी सगळ्या बिऱ्हाडांना मिळून मागे संडास होते, टोपलीचे. सकाळी हातात टमरेल घेऊन रांग, आत कोण बसलंय ते खोकल्यावरून ओळखायचं. हे सगळं त्या मजेत सांगत होत्या. आणि टोपल्या काढायला मागच्या बोळातून बाई यायची. तिचं नाव काय होतं विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, तिचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलं नाही गं, आम्हाला मागच्या दाराला जायला बंदी असायची ती येईपर्यंत.

ह्यावर मी काही बोलले नाही. त्यांनी रंगांची पोरं खाली ओरडत होती म्हणून खिडकी लावून घ्यायला सांगितली.

23 मार्च, रविवार

कमिटी मीटिंग. अजेंड्यावर शेवटचा विषय, लिफ्टच्या एएमसीनंतर (वर्षाच्या देखभालीचा करार), म्हणजे सगळे आधीच वैतागलेले. सेक्रेटरी म्हणाले तत्त्वतः हरकत नाही. पुण्यात हे वाक्य ऐकलं की आपण पाण्याची बाटली उघडून निवांत बसावं, पुढे हरकतीच येणार असतात. वास येईल. चोऱ्या होतील. पाणी टँकरचं घ्यावं लागतं उन्हाळ्यात, ते कोण देणार. डिलिव्हरीवाले आत येतील. एक मॅडम म्हणाल्या सवय लागेल. कशाची ते मी विचारलं नाही, पण अजून डोक्यात तेच चाललंय, कशाची सवय लागेल, लघवीची?

सगळ्यात जोरात विरोध बी विंगच्या काकांचा. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले इंजिनियर, सोसायटीच्या प्रत्येक भिंतीचा इतिहास पाठ. ते म्हणाले उद्या सगळा रोड आत येईल, आज बाथरूम मागतायत उद्या पार्किंग मागतील. कुणी काही मागितलेलंच नाही हे मी सांगितलं तर म्हणाले तेच तर, मग तुम्ही का देताय?

पण एक गंमत झाली. कुणीतरी म्हटलं की आत्ता बंद आहे तरी वास येतो, चालू केल्यावर काय होईल, तर काकांना ते सहन झालं नाही. अहो चुकीचं बोलताय, म्हणाले, वास येतो कारण ते बंद आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली, आणि भांड्याच्या खालच्या वळणात पाणी उभं असतं, ते पाणीच ड्रेनेजचा गॅस अडवतं, वापर नसला की ते सुकून जातं आणि मग वास आणि झुरळं सरळ वर. रोज दोन बादल्या पाणी ओतलं तर वास जाईल. म्हणजे विरोधी पक्षनेत्यानेच आमचा मुद्दा मांडला. माझा विरोध कायम आहे, असं मिनिट्समध्ये लिहा, हेही लगेच म्हणाले. लिहिलं.

ठराव: तीन महिने ट्रायल. खर्चाची मर्यादा 15 हजार. किल्ली वॉचमनकडे राहील.

11 एप्रिल, शुक्रवार

प्लंबर येतो म्हणून दोन आठवडे येत नाहीये. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आज गंज पेठेत एका क्लायंटकडे काम होतं, आणि बाहेर पडल्यावर लक्षात आलं की आज फुले जयंती, सगळी गर्दी समताभूमीकडे, म्हणजे फुलेवाड्याकडे, चाललेली. मीपण गेले. निळे आणि पांढरे कपडे, पुस्तकांचे स्टॉल, बाया कडेवर पोरं घेऊन, एक आजी तुळशीवृंदावनाला हात लावून पायऱ्यांवरच बसलेल्या. शाळेत एका वाक्यात शिकलो होतो की जोतिरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मार्काचं वाक्य, रिकाम्या जागा भरा. आज तिथे उभी असताना त्यातला 'खुला' जरा नीट दिसला. कारण त्या काळात दयाळू लोक नव्हते असं थोडंच आहे, पुण्यात पाण्याचे हौद गावभर होते, नानासाहेब पेशव्यांच्या वेळेपासून कात्रजहून नहरीने पाणी यायचं, आणि कुणी तहानलेला लांब उभा राहिला तर वरून ओंजळीत पाणी ओतणारे लोक असणारच. ओतणारा चांगला माणूस असला तर पाणी मिळायचं. तो घरात नसला, झोपला असला, चिडलेला असला की नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी ओतणारा माणूसच मधून काढून टाकला. या आणि घ्या.

बसमध्ये परत येताना एकदम ट्यूब पेटली, किल्ली. किल्ली वॉचमनकडे म्हणजे प्रत्येक वेळी एका पुरुषाकडे जाऊन, चार ड्रायव्हर उभे असताना, भैया किल्ली द्या म्हणायचं. मावशी मरतील पण मागणार नाहीत. आपले वॉचमन स्वभावाने अगदी गरीब आहेत, पण प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाहीच. ते चांगले आहेत म्हणून बाथरूम मिळतंय ही व्यवस्थाच नको.

रात्री सेक्रेटरींना मेसेज टाकला. बाहेरून कुलूप नको, फक्त आतून कडी. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.

20 एप्रिल, रविवार

साफसफाई. ए विंगमधली इंजिनियरिंगची मुलगी, तिचा मित्र, मी आणि नवरा. काचा मी आधी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेनाने 'काच' लिहून बाजूला ठेवल्या, कारण उद्या त्या हातात घेणार 'स्वच्छ'च्या ताई. 'स्वच्छ' म्हणजे कचरा वेचणाऱ्यांचीच सहकारी संस्था, 2008पासून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते, आणि ह्या ताई रोज आपल्या बादल्यांमध्ये हात घालून ओला सुका वेगळा करतात कारण निम्मे लोक अजून करत नाहीत. त्यांच्या हाताला कापल्याच्या खुणा आहेत. मी त्यांना बाथरूमचं सांगितलं तर पहिला प्रश्न, आम्हालापण? म्हटलं तुम्हालापण. मग म्हणाल्या, पाणी येतं का आत? म्हणजे बाहेर नळ असला की कुणीतरी बघतं. बायकांना कुठली गोष्ट आत हवी आणि कुठली बाहेर, हे कमिटीतल्या एकाही माणसाला सुचलं नव्हतं.

त्यांच्याकडून आणि मावशींकडून मिळालेली यादी अशी: नळ आत, बादली-मग, पिशवी अडकवायला हुक कारण जमिनीवर ठेवता येत नाही, झाकणाचा डबा पॅडसाठी, आणि कडी अशी की जी बसते. पोळीवाल्या काकूंनी तर दोनदा सांगितलं, कडी बसली पाहिजे ताई, नाहीतर एक पाय दाराला लावून बसावं लागतं. दिव्याचं बटण आत की बाहेर ह्यावर मोठी चर्चा झाली. आतच. बाहेर असलं की पोरं बंद करतात.

पांढरं भारतीय पद्धतीचं भांडं निघालं खाली, पिवळं पडलेलं पण अखंड. ॲसिड टाकून दोन तास ठेवलं. नवऱ्याने एक काडीची तक्रार न करता घासलं हे इथे नोंदवून ठेवते कारण जिना चढताना तो म्हणाला, तू जगातल्या सगळ्यांशी इतकी गोड बोलतेस आणि घरात मी टॉवेल पलंगावर टाकला की पोलिसात देतेस. ह्या प्रकल्पाच्या कक्षेत टॉवेल येत नाही असं सांगितलं.

1 मे, गुरुवार

चालू झालं. उद्घाटन वगैरे नाही, मी मुद्दाम टाळलं, नाहीतर परत गुलाब आले असते.

पाटीवरून मात्र ग्रुपवर महाभारत. पुणे आहे, पाटीशिवाय काम पूर्ण कसं होणार. मसुदे असे आले: 'फक्त सोसायटीत काम करणाऱ्यांसाठी'. 'वापरानंतर पाणी टाकावे, घरीही टाकता ना?' 'पाणी जपून वापरा, टँकर फुकट येत नाही'. 'येथे सीसीटीव्ही आहे', ह्यावर मात्र बऱ्याच जणींनी एकदम लिहिलं की बाथरूमच्या दारावर ही पाटी लावायचा विचार तरी कसा येतो. शेवटी ए विंगच्या मुलीने एका पांढऱ्या टाइलवर निळ्या रंगात 'बाथरूम' आणि खाली बाण एवढंच काढलं आणि चिकटवून टाकलं. आता काढायचं तर टाइल फोडावी लागेल, त्यामुळे वाद संपला.

कुलूप नाही. सेक्रेटरी म्हणाले मी मेसेज बघितला नाही असं समजा. हा माणूस मला हळूहळू आवडायला लागलाय.

6 मे, मंगळवार

कोणीच वापरत नाहीये. म्हणजे वॉचमन आणि ड्रायव्हर वापरतात, बायका नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, बघू. मग खरं कारण सांगितलं. साफ कोण करणार ते ठरलं नाहीये ना, म्हणजे उद्या कुणीतरी म्हणणार तुम्ही वापरता तर तुम्हीच धुवा, आणि एकदा आमच्यावर पडलं की कायमचं पडलं.

बरोबर आहे. सोसायटीच्या हाऊसकीपिंगच्या दादांना महिन्याला हजार रुपये जास्त द्यायचं ठरवलं सोमवार ते शनिवारसाठी, ते खुशीत तयार झाले, पण रविवारी त्यांची सुट्टी. मी ग्रुपवर पाळीपत्रक टाकलं, रविवारी एकेका घराने. मेसेज सगळ्यांनी वाचला. अंगठे बरेच आले. नावं किती आली ते लिहीत नाही, पत्रक लहान होतं एवढं खरं. एकाने खाली लिहिलं की बाई लावू ना रविवारसाठी वेगळी. म्हणजे आपल्याकडे दया करायची तयारी बरीच असते, पैसेही निघतात, पण हात लावायचा म्हटलं की सगळ्यांना बाहेरगावी जायचं असतं. हे जातीचंच आहे, दुसरं काही नाही, फक्त आता तो शब्द कुणी उच्चारत नाही, 'हायजीन' म्हणतात.

मावशींना पत्रक दाखवलं तर त्यांना भलतंच वाटलं. तुम्ही धुणार? नको ताई, आम्हालाच जायची लाज वाटेल. मग बराच वेळ जिन्यातच बोलत बसलो. शेवटी त्यांनी तोडगा काढला, मग आमचीपण नावं घाला पाळीत. सगळे वापरणार तर सगळे धुणार. म्हटलं तुम्ही रविवारी येत नाही. म्हणाल्या, आम्ही बुधवारी घासू वरचेवर, पण नाव पाहिजे. नाव घातलं. दुसऱ्या दिवसापासून वापर सुरू.

21 मे, बुधवार

काल संध्याकाळी बदाबदा पाऊस. मे महिन्यात एवढा. आणि आज सकाळी तळमजल्याचं ड्रेनेजचं चेंबर भरून वर आलं, बाथरूमसमोर पाणी. ग्रुपवर 'सांगितलं होतं' हा शब्दप्रयोग नाश्त्याच्या आधीच सर्व काळांत वापरून झाला. एकाने फोटो टाकून लिहिलं, समाजसेवेचं फळ.

मी फोन करायच्या आत बी विंगचे काका छत्री आणि टॉर्च घेऊन खाली हजर. चेंबरचं झाकण त्यांनीच पहारीने उचकटायला लावलं. प्लंबरने बांबूच्या कामट्या घातल्या, वीसेक फुटांवर अडकलं. ते ओढून काढलं तर केसांच्या जटेसारखं काहीतरी लांबच लांब बाहेर आलं आणि सगळे मागे सरकले. काका वाकले, बोटांनी तोडून बघितलं आणि म्हणाले मूळ आहे. कंपाउंडजवळच्या उंबराचं. जुने मातीचे पाईप, सांध्यातलं सिमेंट गेलं की मुळं पाण्याच्या वासाने आत शिरतात आणि पसरतात. आज ना उद्या होणारच होतं, बाथरूमचा काही संबंध नाही. हे त्यांनी स्वतः ग्रुपवर व्हॉइस मेसेज करून सांगितलं, शेवटी, माझा मूळ विरोध कायम आहे, हेही.

25 मे, रविवार

पाईप बदलायचं काम. काका सकाळपासून स्टुलावर. प्लंबरला उतार बरोबर मिळेना तर त्याला शिकवलं, चार इंची पाईपला चाळीस फुटांत एक फूट उतार, म्हणजे चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक, एवढं पाठ कर, जन्मभर पुरेल. उतार कमी पडला तर मैला बसतो, जास्त झाला तर पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. दोरी ताणून, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायला लावली. प्लंबर आधी वैतागला, दुपारी काका वर जायला उठले तर तोच म्हणाला, साहेब थांबा, एवढा जोड बघून जा.

मी चहा घेऊन गेले होते तेव्हा थोडं बोलणं झालं. त्यांच्या घरी काकू, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षं अंथरुणावर आहेत. दिवसा नर्सिंग ब्यूरोची बाई असते, आठला जाते. काका म्हणाले रात्रीचं हिचं सगळं मीच करतो. आधी वाटलं होतं जमणार नाही. आता काही वाटत नाही हो, घाण वगैरे काही वाटत नाही, फक्त तिला लाज वाटते ना, ते बघवत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला कधी एक ग्लास पाणी मागितलं नाही, आता दर वेळी हाक मारायला लागते. ती हाकच मारत नाही लवकर, थांबून राहते.

मी म्हटलं, काका, आमच्या मावशीपण थांबूनच राहायच्या. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग प्लंबरवर ओरडले की सिमेंट पातळ झालंय.

2 जून, सोमवार

कालपासून पीएमपीच्या बसचं कमीत कमी तिकीट 5 रुपयांचं 10 झालं. पोळीवाल्या काकू वारज्याहून बसने येतात, जाता येता दुप्पट. त्यांनी प्रत्येक घरी थोडे पैसे वाढवून मागितले आणि ग्रुपवर लगेच चर्चा, सगळ्यांनी मिळून एक रेट ठरवू, कुणी जास्त देऊ नका, बाकीच्यांना त्रास होतो. गंमत म्हणजे हेच लोक युनियनच्या नावाने बोटं मोडतात. आईंना वाचून दाखवलं तर त्यांना 1980 आठवलं, पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातूनच पुढे संघटना उभी राहिली. म्हणाल्या, आठवडाभर भांडी घासून माझे हात सोलवटले होते, तुझे सासरे म्हणाले दे की बाई वाढवून. दिलेत का विचारलं. दिले, म्हणाल्या, पण आवाज करून दिले.

महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी करता येते. आमच्या मावशींची नोंदणी नाही. कागदपत्रं काय लागतात ते बघायचंय, हे वेगळं काम, पण इथेच लिहून ठेवते नाहीतर विसरेन. मी तिकिटाचे वाढवून दिले. आमच्या खिडकीत मावशींचा वेगळा कप मात्र अजून आहे, आईंचा हट्ट. मावशींनाच विचारलं की काढून टाकू का, तर म्हणाल्या राहू दे, आजींशी कशाला वाद, तो कप मोठा आहे, चहा जास्त मावतो. आणि आता त्या खरंच चहा घेतात, पूर्ण कप.

21 जून, शनिवार

पालख्या पुण्यात. काल आल्या, आज मुक्काम, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत. आईंना गुडघ्यांमुळे जाता येत नाही, टीव्हीवर बघतात आणि कॉमेंटरी स्वतःची. त्यांच्या वाड्यात वारकरी उतरायचे. ओसरीभर पथाऱ्या, चूल अंगणात, आणि त्या दोन दिवसांत संडासाची रांग वाड्याबाहेर. कुणी चिडायचं नाही? छे, म्हणाल्या, माउलींची माणसं. मग तुम्ही आधी कुठली कुठली म्हणून विचारायचात का? कुणी विचारायचं नाही. म्हणजे कुठल्याही जातीचा माणूस आत येत होता तर. आई म्हणाल्या, तू सगळीकडे ते बाथरूम आणू नकोस. पण टीव्हीचा आवाज कमी केला.

मला हे खरंच कळत नाही. हेच शहर दोन दिवस अनोळखी माणसांचे पाय चेपून देतं, शाळा, मंगल कार्यालयं, घरं उघडून देतं, आणि उरलेले दिवस स्वतःच्या घरी रोज येणाऱ्या बाईला फिनेल दाखवतं. वारकरी पुढे निघून जातात म्हणून सोपं जातं का? मावशी उद्या परत येणार असतात. रोज येणाऱ्या माणसाला आपण एकदा दिलं की ते रोज द्यावं लागतं, आणि मग ते पुण्य राहत नाही, नुसता मेंटेनन्स होतो. मला वाटतं आपल्याला पुण्याची हौस आहे, मेंटेनन्सचा कंटाळा. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, टॉवेलचं पण तसंच असतं. ह्या माणसाचं काय करायचं.

26 जून, गुरुवार

कमिटीत ट्रायलचा रिपोर्ट. पाण्याचं बिल वाढलेलं दिसलं नाही. चोरी नाही, एक मग गेला, दुसरा आणला. पाईपचा खर्च दुरुस्ती निधीतून. सेक्रेटरी म्हणाले चालू ठेवायला हरकत नाही, ह्या वेळी 'तत्त्वतः' नव्हतं. काकांनी विरोध परत नोंदवला आणि लगेच खाली एक्झॉस्ट फॅन बसवायची सूचना, स्वखर्चाने, कारण व्हेंटिलेशन नियमात बसत नाही.

नवीन प्रश्न आलाय. कोपऱ्यावरच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्या ताई, एकच आहेत बाईमाणूस तिथे, त्यांनी वॉचमनना विचारलं मी आले तर चालेल का. त्या सोसायटीत काम करत नाहीत. मॅडम म्हणाल्या बघा, सवय लागली. काका म्हणाले, मी म्हटलं होतं सगळा रोड आत येईल. मी म्हटलं सगळा रोड नाही काका, एक बाई आलीये. त्यावर कुणीच काही ठरवलं नाही, विषय पुढच्या मीटिंगला. तोपर्यंत दाराला कुलूप नाही, त्यामुळे त्या ताईंना मी आजच सांगून आले की बाण कुठे आहे.

बाकी कामं: हुक सैल झालाय. पॅडच्या डब्याचं झाकण तुटलं, पायाने उघडणारा आणायचा. घरेलू कामगार नोंदणीचे कागद. ह्या रविवारची पाळी तिसऱ्या मजल्यावरच्यांची, त्यांनी अजून होकार दिलेला नाही, शनिवारी बेल वाजवणार. फॅनवाला पुढच्या गुरुवारी येतो म्हणाला, काकांनी सांगितलं गुरुवारी पाणी बंद असलं तर शुक्रवारी बोलव, हात धुवायला पाणी नको का त्याला.